नामाटजिरांचे चित्र फुकटचे नाही : ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
ऑस्ट्रेलियातील मराठी मंडळांच्या कार्यकारिणी, सांस्कृतिक समित्या आणि स्मरणिकांचे संपादक यांस

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणेशोत्सवात एका मंडळाच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर ॲबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी) चित्रकार अल्बर्ट नामाटजिरा यांचे जलरंगातले चित्र छापले गेले. कडेला पांढऱ्या खोडाचे घोस्ट गमचे झाड, मागे जांभळी-निळी डोंगररांग. चित्राखाली चित्रकाराचे नाव नाही, आतल्या पानांत श्रेयाची ओळ नाही. झाड अर्धे कापलेले आणि उरलेल्या आभाळावर प्रायोजकाचा लोगो. त्याच कार्यक्रमात मुलांचे ‘ॲबोरिजिनल नृत्य’ झाले : अंगाला तपकिरी रंग, त्यावर पांढरे ठिपके. काही सभासदांनी हरकत घेतली तेव्हा उत्तर मिळाले की हेतू चांगला होता, या भूमीच्या कलेला मानवंदना द्यायची होती, आणि पुढच्या वर्षी हीच संकल्पना आणखी मोठी करायचे ठरले आहे. हा ठराव गप्प बसून मान्य करणे आम्हाला जमणार नाही. मंडळाचे नाव मुद्दाम घेत नाही. असे करणारे ते एकटे नाही.

पत्र लिहिणारे आम्ही नेपथ्य, रंगभूषा, ध्वनी आणि छपाईची कामे सांभाळणारे सभासद आहोत. श्रेयनामावलीत आमची नावे असतात, मुले आमची नाचतात आणि चित्र कोणाला विचारून छापले, असे बाहेरच्या कोणी विचारले तर उत्तर देण्याची पाळी आमच्यावरही येते.

आधी ते चित्र कोणाचे ते सांगायला हवे.

नामाटजिरा पश्चिम अरांडा लोकांपैकी. जन्म २८ जुलै १९०२, मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्सच्या पश्चिमेला हर्मन्सबर्गच्या लुथरन मिशनवर. त्या जागेचे अरांडा नाव न्टारिया. घरचे नाव एलिया, मिशनने बाप्तिस्मा देताना ‘अल्बर्ट’ केले. १९३६ मध्ये रेक्स बॅटर्बी या चित्रकाराबरोबर उंट सांभाळण्याची आणि वाट दाखवण्याची जबाबदारी घेऊन ते निघाले आणि बदल्यात जलरंग शिकले. १९३८ मध्ये मेलबर्नला पहिले स्वतंत्र प्रदर्शन झाले, सगळी चित्रे विकली गेली. शहरातल्या गिऱ्हाइकाला त्यांत सुरेख निसर्गचित्र दिसे, समीक्षकांना युरोपीय शैलीची नक्कल. त्यांनी रंगवलेल्या जागा मात्र घरच्या होत्या. माउंट सॉन्डर, ग्लेन हेलनची खिंड, पाम व्हॅली, फिंक नदीचे पात्र ही सगळी अरांडा भूमी. पूर्वज ज्या वाटांनी गेले आणि जिथे डोंगर, झरे होऊन राहिले असे हे लोक मानतात, त्या जागा. ते रंगवायचा हक्क त्यांना नात्याने मिळालेला होता.

सरकारने त्यांना कसे वागवले तेही कळावे. १९५३ मध्ये राणी दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाचे पदक दिले, १९५४ मध्ये कॅनबेराला राणीची भेट घडवली; पण त्याआधी गुरे चारायला जमिनीचा परवाना मागितला तो नाकारला आणि ॲलिस स्प्रिंग्समध्ये घर बांधू दिले नाही. चित्रांच्या कमाईवर आयकर मात्र घेतला. १९५७ मध्ये त्यांना आणि पत्नी रुबिना यांना मूळ रहिवाशांना सरकारी पालकत्वाखाली ठेवणाऱ्या कायद्यातून सूट मिळाली, म्हणजे व्यवहारात नागरिकत्व. मुलांना आणि नातलगांना ती नव्हती. नात्यातल्या माणसाबरोबर सगळे वाटून घ्यायचे हा अरांडा रिवाज. नात्यातल्या माणसाला दारू दिली म्हणून शिक्षा हा सरकारचा कायदा. १९५८ मध्ये याच गुन्ह्याखाली सहा महिन्यांची शिक्षा झाली, अपिलात ती तीन महिन्यांवर आली, त्यांपैकी दोन महिने पापुन्या या सरकारी वस्तीत काढावे लागले. ८ ऑगस्ट १९५९ रोजी त्यांचे निधन झाले.

आता स्मरणिकेशी थेट संबंध असलेला भाग. १९५७ मध्ये त्यांनी सिडनीच्या एका प्रकाशन कंपनीला चित्रे छापायचा परवाना रॉयल्टीच्या बोलीवर दिला होता. मृत्यूनंतर मिळकत नॉर्दर्न टेरिटरीच्या सरकारी विश्वस्ताच्या हाती गेली. त्या कार्यालयाने १९८३ मध्ये कुटुंबाला न विचारता सगळा कॉपीराइट त्याच कंपनीला साडेआठ हजार डॉलरला विकून टाकला. तेव्हापासून कॅलेंडरे, भेटकार्डे, पुस्तके कशाचाही पैसा नातवंडांकडे गेला नाही.

तो परत कसा आला? नाटकामुळे. बिग हार्ट या संस्थेने नामाटजिरा कुटुंबाला बरोबर घेऊन नाटक उभे केले आणि २०१० मध्ये ते सिडनीच्या बेल्व्हॉर थिएटरमध्ये आले. पित्जांत्जात्जारा समाजाचे अभिनेते ट्रेव्हर जेमिसन अल्बर्टची भूमिका करत. नेपथ्यवाल्यांनी दखल घ्यावी अशी गोष्ट म्हणजे मागचा काळा पडदा. त्यावर छापील चित्र नव्हते. कुटुंबातले चित्रकार खडूने आपल्या भूमीचे डोंगर प्रयोग चालू असताना काढत. आजोबांची गोष्ट पुढे, नातवंडांचे हात मागे, दोन्ही एकाच रंगमंचावर. २०१३ मध्ये प्रयोग लंडनला साउथबँक सेंटरमध्ये झाले आणि कुटुंबातली माणसे राणीला भेटून आली. याच कामातून नामाटजिरा लेगसी ट्रस्ट उभा राहिला, वकिलांनी फी न घेता बाजू लढवली, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये कॉपीराइट एका डॉलरला ट्रस्टकडे आला. उद्योगपती डिक स्मिथ यांनी मध्यस्थी करून ट्रस्टला अडीच लाख डॉलर दिले. १९८३ ते २०१७ : चौतीस वर्षे. जाता जाता, पणतू व्हिन्सेंट नामाटजिरा हे १९८३ चेच. पणजोबांचे चित्र वारंवार रंगवणाऱ्या या चित्रकाराने २०२० मध्ये व्यक्तिचित्रांचा आर्चिबाल्ड पुरस्कार मिळवला. मूळ रहिवासी चित्रकाराला तो पहिल्यांदाच मिळाला. १९५६ मध्ये तोच पुरस्कार अल्बर्ट यांचे चित्र काढणाऱ्या गोऱ्या चित्रकाराला मिळाला होता.

तर, नाटक करून परत मिळवलेले हे चित्र नाटकवेड्या मराठी मंडळाने नेटवरून उचलून फुकट छापले. आता तक्रारी एकेक करून.

पहिली कॉपीराइटची. संपादकांचे म्हणणे, चित्रकार १९५९ मध्ये वारले, आता चित्रे सर्वांची झाली. हा हिशोब भारतातल्या साठ वर्षांच्या मुदतीचा आहे. त्या नियमाने मुदत २०१९ अखेर संपते आणि स्मरणिका पुण्यात छापून घेतली म्हणून छापखान्यानेही हरकत घेतली नाही. पण वाटप ऑस्ट्रेलियात झाले, पीडीएफ इथल्या संकेतस्थळावर चढली, तेव्हा इथला कायदा लागतो. इथे २००५ पासून मुदत मृत्यूनंतर सत्तर वर्षे आहे. जे १९५५ च्या आधी वारले त्यांची चित्रे मोकळी झाली, बाकीच्यांची नाहीत. नामाटजिरांची मुदत २०२९ अखेरपर्यंत आहे. ‘संग्रहालयाच्या संकेतस्थळावर होते’ हेही उत्तर नव्हे. संग्रहालयाकडे कागद असतो, छापायचा हक्क ट्रस्टकडे. चांगली फाइल हवी असेल तर संग्रहालयाची फी वेगळी आणि हक्काची परवानगी वेगळी. एक मिळाली म्हणून दुसरी मिळाली असे होत नाही.

दुसरी कापाकापीची. २००० सालापासून इथे कलाकाराला नैतिक हक्क आहेत : नाव देणे आणि कृतीची मोडतोड न करणे. नाव देण्याचा हक्क चित्रकार गेल्यावरही कॉपीराइट असेतोवर टिकतो. मोडतोडीविरुद्धचा हक्क त्याआधी वारलेल्या चित्रकाराला कायद्याने लागत नसला तरी मान म्हणून पाळायला हवा. ए-फोर पानात बसवण्यासाठी आडवे चित्र उभे कापले, लोगो ठेवला आणि ‘ऑटो एन्हान्स’ (संगणकाने आपोआप रंग उजळणे) मारले, की तिन्ही ठिकाणी मोडतोड झाली. छपाईच्या दृष्टीनेही ते वाईट होते. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे खालचा कागद; उजळपणा वाढवला की झाडाच्या खोडावरचा रंगाचा फिकट थर उडून जातो आणि खोड कागदाचे भोक दिसते. डोंगरांचा जांभळा चार रंगांच्या छपाईत मुळातच नाजूक. निळा किंचित वाढला की डोंगर शाईचे डाग होतात, पिवळा वाढला की मातकट. त्यासाठी रंगीत प्रूफ काढून मूळ प्रतिमेशी ताडायचे असते. ते काढलेच नव्हते, हे अंक पाहून कळते. कडेचे झाड म्हणजे चौकट नव्हे. नजर त्याच्यावरून दूरच्या डोंगराकडे जावी अशी रचना आहे. झाड कापले की चित्रातले अंतरच नाहीसे होते.

तिसरी तक्रार मागच्या पडद्याची. ‘आदिवासी फ्यूजन’ म्हणून गेरूच्या रंगावर वारली तारपा नाच आणि भोवती ठिपक्यांची वर्तुळे काढली होती. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम वाळवंटातल्या ठिपक्यांच्या आजच्या चित्रांची सुरुवात १९७१ मध्ये पापुन्याच्या शाळेच्या भिंतीवर झाली. पुढे काही चित्रांत ठिपके दाट होत गेले ते पवित्र खुणा परक्या नजरेपासून झाकण्यासाठी. उत्तरेला आर्नहेम लँडमध्ये झाडांच्या साली रंगवतात त्या बारीक आडव्यातिडव्या रेघांनी. म्हणजे ‘ॲबोरिजिनल डिझाइन’ असे एकच काही नसते, आणि सिडनीच्या सभागृहात सुमारे दोन हजार किलोमीटरवरच्या वाळवंटाचे ठिपके लावून या भूमीला मान दिला जात नाही. त्यावर पार्श्वसंगीत डिजरीडूचे! ते वाद्य उत्तरेचे. अरांडा गाण्यांना परंपरेने काठ्यांचा ताल असतो. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणू-जव्हारकडच्या चित्रकारांना न विचारता ती चित्रे उशांच्या खोळींवर छापली जातात तेव्हा आपल्यापैकी अनेकांना राग येतो. त्याच रागाने हा पडदा पाहावा.

चौथी सगळ्यांत गंभीर : अंगावरचा रंग. कातडी काळी-तपकिरी करून दुसऱ्या वंशाचे सोंग आणणे इथे अपमान समजला जातो. ‘आपल्याकडे चालते’ हा खुलासा ऐकला जात नाही, ऐकला जाऊही नये. अंगावरच्या पांढऱ्या खुणाही सजावट नसते. कोणती खूण कोणत्या कुळाची, कोणत्या विधीत, पुरुषांनी की बायकांनी, कोणत्या वयानंतर, हे ठरलेले असते. काही खुणा बाहेरच्यांनी पाहायच्याही नसतात. व्हिडिओ थांबवून त्यावरून मुलांच्या छातीवर ठिपके काढणाऱ्या आईबाबांना हे कुठून कळणार? म्हणून नियम सोपा ठेवावा : काढायचेच नाहीत. नृत्य हवे असेल तर ज्यांचे आहे त्यांना बोलवावे.

बोलावतानाही रीत आहे. स्थानिक नृत्यगटाला किमान तीन महिने आधी विचारावे. मानधन, प्रवास, ज्येष्ठांसोबत येणाऱ्या माणसाचा खर्च हे लेखी ठरवावे आणि त्याच संध्याकाळी पैसे द्यावेत. कपडे बदलायला स्वतंत्र खोली, रंग धुवायला पाणी, बसायला पाठीच्या खुर्च्या. जमीन कशी आहे ते आधी कळवावे. अनवाणी नाचणाऱ्यांना काँक्रीट आणि गुळगुळीत व्हिनाइल दोन्ही त्रासाचे. छायाचित्रण कोठे चालेल आणि कोठे नाही ते विचारून निवेदकाने सांगावे. आणि आपले साडेसहा म्हणजे पावणेआठ असते हे आपल्याला माहीत आहे, पाहुण्यांना नाही. लोक वडापावच्या रांगेत असताना त्यांचा कार्यक्रम उरकू नये. मुख्य नाटकाच्या आधीची, सभागृह भरलेली वेळ द्यावी.

पाचवी, भेटवस्तू. महाराष्ट्रातून आलेल्या कलाकारांना आपण शाल-श्रीफळाबरोबर बूमरँग देतो. बाजारातल्या अशा वस्तूंपैकी बहुतांश वस्तू मूळ रहिवाशांनी केलेल्याच नसतात. एका घाऊक कंपनीने इंडोनेशियात बनवलेली बूमरँगे, डिजरीडू वगैरे अठरा हजारांहून अधिक वस्तू ‘ॲबोरिजिनल कला’ असा भास करून विकल्या, म्हणून फेडरल कोर्टाने २०१९ मध्ये तिला २३ लाख डॉलरचा दंड केला. ओळखायचे कसे? मागे कलाकाराचे पूर्ण नाव, त्याचा समाज किंवा गाव आणि कला केंद्राचे नाव हवे. ‘ॲबोरिजिनल शैली’, ‘हाताने रंगवलेले’, ‘अस्सल ऑस्ट्रेलियन’ एवढेच लिहिले असेल तर घेऊ नये. विक्रेता इंडिजिनस आर्ट कोडचा (मूळ रहिवाशांच्या कलेच्या रास्त व्यापाराची संहिता) सभासद आहे का ते यादीत पाहावे. दहा खोट्या बूमरँगांच्या पैशात ॲलिस स्प्रिंग्सच्या इल्ट्या न्टजारा या केंद्रातून परवान्याने छापलेली भेटकार्डे घेता येतात का, हे एक फोन करून विचारावे. नामाटजिरांच्या जलरंगाची परंपरा चालवणारे चित्रकार आजही तिथे बसून रंगवतात.

सहावी छोटी आहे, पण दर कार्यक्रमात घडते. सुरुवातीला भूमीच्या मूळ मालकांचे स्मरण केले जाते, ते कोठून तरी उतरवलेले असते. पॅरामॅटा, वेस्टमीड, हॅरिस पार्क ही दारुग लोकांची भूमी. तिथे सिडनी शहराच्या मध्यभागातल्या गॅडिगल लोकांचे नाव घेतले जाते. मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबी-तारनीटकडे एकाहून अधिक समूहांच्या हद्दी येतात, म्हणून स्थानिक कौन्सिलने दिलेला मजकूर पाहूनच वाचावे. स्मरण कोणीही करू शकते. ‘वेलकम टू कंट्री’ म्हणजे आपल्या भूमीवर पाहुण्यांचे स्वागत मात्र त्या भूमीचे ज्येष्ठच करतात, त्याचे मानधन असते, आणि आपल्या अध्यक्षांनी ते म्हणायचे नसते.

आमच्या मागण्या अशा.

संबंधित स्मरणिकेची पीडीएफ संकेतस्थळावरून आणि व्हॉट्सॲप गटांवरून आत्ताच काढावी. नामाटजिरा लेगसी ट्रस्टला कॉपीराइट एजन्सी या परवाने देणाऱ्या संस्थेमार्फत लेखी कळवावे : चित्र कोणते, किती प्रती, मुखपृष्ठावर की आत, केवढ्या आकारात, संकेतस्थळावर किती दिवस होते. ते जी फी सांगतील ती घासाघीस न करता भरावी, आणि पुढच्या अंकात मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला दुरुस्ती छापावी. तळटिपेत नव्हे.

यापुढे कोणतेही चित्र छापण्याआधी चित्रकार, शीर्षक, वर्ष, माध्यम, संग्रह आणि हक्काची ओळ यांचे टिपण संपादकाने परवानगीपत्रासह सादर करावे. या सहांपैकी एक जरी रिकामे असेल तर चित्र अंकात जाऊ नये. परवानगीला वेळ लागतो. गणपतीचा अंक असेल तर मे महिन्यात अर्ज जायला हवा. जिवंत कलाकाराचे छायाचित्र असेल तर त्याला आणि दिवंगताचे असेल तर कुटुंबाला वेगळे विचारावे, कारण अनेक समाजांत गेलेल्या माणसाचे नाव आणि चेहरा काही काळ दाखवत नाहीत. अल्बर्ट यांचे नाव त्यांचे कुटुंब स्वतः जाहीरपणे घेते, म्हणून ते इथे लिहिले.

पुढच्या वर्षीची संकल्पना सध्या स्थगित करावी. ती करायचीच असेल तर स्थानिक मूळ रहिवासी कलाकाराला पहिल्या बैठकीपासून मानधन देऊन बरोबर घ्यावे आणि ‘नको’ म्हणण्याचा त्याचा हक्क लेखी मान्य करावा. सगळे ठरल्यावर शेवटी ‘ठीक आहे ना?’ विचारणे म्हणजे सल्ला घेणे नव्हे. अंगाला रंग लावून दुसऱ्या वंशाची भूमिका कोणत्याही प्रवेशात होणार नाही, हे रंगभूषेच्या सूचनापत्रात घालावे. त्याशिवाय आमच्यातले रंगभूषाकार पेटी उघडणार नाहीत.

पैसे नाहीत, हे कारण कृपया देऊ नये. मुंबईच्या नाटककाराकडून प्रयोगाची परवानगी आणि त्याचे मानधन हा खर्च प्रत्येक मंडळाच्या अंदाजपत्रकात असतो, आणि तो असावा म्हणून याच सभासदांनी वर्षानुवर्षे भांडण केले आहे. त्याच रकान्याखाली आणखी एक ओळ लागेल.

परवानगीच्या अर्जाचा मसुदा, श्रेयाच्या ओळीचा नमुना आणि पाहुण्या गटासाठी कराराचा साधा कागद आम्ही मराठीत आणि इंग्रजीत करून देतो, कोणत्याही मंडळाला. या पत्रावर काय ठरले ते पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून सर्व सभासदांना पाठवावे, ही विनंती.

आपले,
रंगमंचामागे आणि छपाईच्या टेबलावर काम करणारे काही सभासद